मेमरी संपली तर फाइलसिस्टिमनं वाट बघत बसायचं का?

उद्यमबागकर
शेडमधल्या छोट्या लिनक्स डब्यापायी कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, कोड वाचायला घेतला आणि डोकंच फिरलं. मेमरीची पानं (तुकडे) 4 केबीची असली की 32 केबीपर्यंतच्या मेमरीच्या मागणीला कर्नल सहसा नाही म्हणतच नाही, मेमरी सुटेपर्यंत घोळत बसतो. 2014 च्या अखेरीला यावरून कर्नलवाल्यांत चांगलीच जुंपली होती. माझं मत सरळ आहे: मेमरी नसेल तर एनोमेम, म्हणजे 'मेमरी नाही' हा एरर, परत करा, वरचा प्रोग्राम काय ते बघेल.

निपाणीकर
परत कुणाला करणार ओ? ट्रान्झॅक्शन (एकत्रच पुरे व्हायला हवेत असे डिस्कवरचे बदल) सुरू व्हायच्या आधी असेल तर ठीक, एरर देऊन मोकळं. पण बी-ट्रीचे (फाइलसिस्टिमच्या झाडासारख्या सूचीचे) दोन ब्लॉक बदलून झालेत आणि तिसऱ्याला मेमरी नाही, तेव्हा? एक्सएफएसमध्ये (ही डिस्कवरच्या फाइली सांभाळणारी एक फाइलसिस्टिम) बदल उलटवायची सोयच नाही. अर्धवट ट्रान्झॅक्शन रद्द केली की अख्खी फाइलसिस्टिम बंद. त्यापेक्षा क्षणभर थांबलेलं काय वाईट?

उद्यमबागकर
क्षणभर? ओओएम किलर (मेमरी संपली की चालू प्रोग्राम मारणारा कर्नलचा भाग) एक प्रोसेस निवडतो आणि ती मरायची वाट बघतो. ती अडकलेली असते लॉकवर (एका वेळी एकालाच मिळणारा ताबा). तो लॉक धरलाय तुमच्या फाइलसिस्टिमनं, आणि ती बसलीय मेमरीची वाट बघत! बेळगावात टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटात दोन्हीकडच्या गाड्या नाकाला नाक लावून उभ्या राहतात, तसलं.

खानापूरची
ते जुनं झालं. 2016 मध्ये, 4.6 कर्नलात, ओओएम रीपर आला. प्रोसेस बाहेर पडायची वाट न बघता तिची मेमरी काढून घेतो. सगळी नाही, पण बरीच.
आणि एनोमेमचं कौतुक पुरे. छोट्या मागण्या फसतच नाहीत, म्हणजे ते एररचे रस्ते वर्षानुवर्षं चाललेलेच नाहीत. कुठं लॉक सोडायचा राहिलाय, कुठं तीच मेमरी दोनदा फ्री होतेय, कुणाला ठाऊक! फेलस्लॅब ही कर्नलची चाचणीची सोय लावून मुद्दाम मागण्या नाकारून बघा, मग बोला.

उद्यमबागकर
अहो, चालत नाहीत म्हणूनच सडलेत की! नाकारायला लागा, सुधारतील. नाहीतर ट्रान्झॅक्शन उघडायच्या आधीच लागेल तेवढी मेमरी राखून ठेवा.

निपाणीकर
'लागेल तेवढी' म्हणजे किती? बी-ट्री मुळापर्यंत फुटत गेली तर, असं धरून राखायची म्हटलं तर चालू असलेल्या प्रत्येक ट्रान्झॅक्शनमागं तेवढी मेमरी अडकून पडणार, आणि बहुतेक वेळा वापरलीच जाणार नाही.

खानापूरची
म्हणून तर नोफेल फ्लॅग ('ही मागणी नाकारू नको' अशी खूण) आहे. जिथं मागं फिरता येत नाही तिथंच तो लावा, बाकी सगळीकडं एनोमेम. निदान कोड वाचणाऱ्याला कळतं तरी, इथं थांबणं मुद्दाम आहे.

उद्यमबागकर
फ्लॅग लावून गेटातली कोंडी सुटते होय? एक्स्ट4 या फाइलसिस्टिमवर फेलस्लॅब लावतो, काय फुटतं ते इथंच टाकतो.