नाती फक्त मूड बदलत नाहीत
वर एकांनी लिहिलंय की जवळच्या माणसांमुळे फार तर मूड बदलतो, विचार आपले आपलेच असतात. मला हे अजिबात पटत नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स कोअन वगैरेंचा 2006 चा प्रयोग बघा, 16 विवाहित बायकांना एमआरआय मशीनमध्ये झोपवून शॉक बसू शकतो असं सांगितलं, तर नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली धोक्याची धावपळ बरीच कमी झाली, अनोळखी माणसाच्या हाताने तेवढी नाही, आणि ज्यांचं नातं जास्त चांगलं त्यांना फायदाही जास्त. धोका तोच हो!

आठवणींचंही तेच. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने 1985 मध्ये मांडलं होतं की जोडप्यात लक्षात ठेवायची कामं नकळत वाटली जातात. आमच्याकडे सगळ्यांचे वाढदिवस, देणीघेणी आईला पाठ, आणि विम्याचे हप्ते, एफडी कुठल्या बँकेत ते बाबांना. बाबा गेल्यावर आई पासबुकं पुढ्यात घेऊन नुसती बसायची, "हे त्यांना माहीत असायचं गं" म्हणायची, आणि नातेवाईक म्हणायला लागले की धक्क्याने विसरभोळी झाली. अहो विसरायला ते तिच्या डोक्यात कधी नव्हतंच, ते बाबांकडे ठेवलेलं होतं! मग भावाने रोज जेवणानंतर शेजारी बसून तिच्याच हाताने सगळं एका वहीत लिहून घेतलं, आता हप्ते तीच भरते.