शहरातील आतल्या रस्त्यांना एकच मापदंड बंधनकारक करावा का?

सांतिनेजकर :
पणजीत एखादा आतला रस्ता नव्याने करायला घेतला की आधी गाड्यांची जागा ठरते आणि उरलेल्या पट्टीला पदपथ म्हटले जाते. त्या पट्टीतच विजेचा खांब येतो, गटाराची हललेली लादी येते आणि स्कूटरही तिथेच लागतात. हा क्रम उलटा व्हायला हवा. रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या पादचाऱ्यांविषयीच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे, आणि पदपथ रस्त्यापासून १५० मिलिमीटरहून उंच नसावा असेही म्हटले आहे. नऊ मीटरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना एवढे सोडले तरी ५.४ मीटर उरतात. त्यात एकेरी वाहतुकीला ३.२ आणि एका बाजूच्या पार्किंगला २.२ मीटर सहज बसतात. ही अट प्रत्येक निविदेत बंधनकारक असावी.

मळेकर :
हिशेब बरोबर आहे, पण तो नऊ मीटरचा आहे. पणजीच्याच मळा आणि फोंतेनास या जुन्या वस्त्यांमध्ये घरांच्या भिंती थेट रस्त्याला भिडलेल्या आहेत. सहा मीटरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना १.८ सोडल्यास मध्ये २.४ मीटर उरतात, आणि तेवढ्यातून अग्निशामक बंब जाणार नाही. म्हणजे एकतर जुनी घरे कापायची, नाहीतर नियमाला अपवाद करायचा. आणि अपवाद एकदा सुरू झाले की जिथे जागा आहे तिथलेही लोक ते मागतात. अशा ठिकाणी रुंदीऐवजी वेग हा मापदंड हवा. रस्ते सुरक्षेविषयीच्या २०२० च्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम जाहीरनाम्याने पादचारी आणि वाहने मिसळतात तिथे ताशी ३० किलोमीटरची कमाल मर्यादा सुचवली. आमच्या गल्ल्यांत ती याहूनही कमी असावी. रस्ता एका पातळीत असावा आणि पोदेराची (पाववाल्याची) सायकल, शाळेची मुले व मोटार यांनी तो वाटून वापरावा.

म्हापसेकर :
आपण दोघेही रुंदी मोजत आहात, पण आमच्या म्हापशात त्रास उंचीचा आहे. जुना थर न खरवडता त्यावर नवे डांबर चढवले जाते, आणि हे दर खेपेस होत गेल्याने काही घरांचे उंबरठे आज रस्त्यापेक्षा खाली गेले आहेत. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की गटाराकडे जायचे पाणी आधी दारात शिरते, मग लोक दारापुढे सिमेंटचा बांध घालतात आणि तो बांध चालणाऱ्याच्या पायात येतो. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. इथल्या मापदंडातले पहिले कलम असे हवे की रस्त्याची अंतिम पातळी घरांच्या जोत्याखाली राहील आणि नवीन थराआधी जुना काढला जाईल. पदपथ किती रुंद, हे त्यानंतर.

सांतिनेजकर :
पातळीचे कलम मला पूर्ण मान्य आहे. परंतु सपाट, वाटून वापरण्याच्या रस्त्याबद्दल मला गंभीर हरकत आहे. पांढरी काठी घेऊन चालणाऱ्या अंध व्यक्तीला पदपथाची कडाच सांगते की गाड्या कुठून सुरू होतात. ती कडा काढली तर तिच्या जागी काठीला आणि पायाला जाणवेल अशी खडबडीत फरशीची पट्टी अनिवार्य असली पाहिजे. शिवाय वेगमर्यादेचा फलक लावल्याने वेग कमी होत नाही, हे आपण रोज पाहतो.

मळेकर :
खडबडीत पट्टी हवीच, ती सूचना मी स्वीकारतो. फलकाच्या भरवशावर मीही नाही. गल्लीचे तोंड अरुंद करावे, वळणाचा कोपरा आखूड ठेवावा म्हणजे गाडीला वळतानाच थांबल्यासारखे व्हावे लागते, आणि ओलांडण्याची जागा उंच करावी. मात्र त्या उंचवट्याच्या दोन्ही टोकांना गटारापर्यंत पाणी जायला वाट हवी, नाहीतर म्हापसेकरांनी सांगितलेला प्रकार आमच्याही दारात होईल. यातले प्रत्येक काम आराखड्यात काढता येते आणि जागेवर मोजता येते, तरीही त्यासाठी सगळ्या शहराला १.८ हा एकच आकडा लावण्याची गरज मला अजून पटलेली नाही.