वजन ७१ च्या ७१, पण दंड गळालेत. बाबांचं पोषण मोजायचं कसं?

कोपरीची_लेक
नमस्कार. ठाणे पूर्वेला कोपरीत राहते. वडील ६८ वर्षांचे. आयुष्यात दारूला शिवले नाहीत, पण वीस वर्षांचा मधुमेह, त्यातून फॅटी लिव्हर आणि आता सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं. गेल्या दिवाळीला पोटात पाणी नव्हतं, वजन ७१. आता पोट तट्ट, पायांवर सूज आणि वजन तरीही ७१. ओपीडीतल्या बाईंनी काटा बघून 'वजन स्थिर, आहार चालू ठेवा' असं लिहिलं आणि पुढचा नंबर पुकारला.

घरात मला वेगळंच दिसतंय. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत घसरतं. कानशिलांना खळगे पडलेत. पंचा पिळायला मला हाक मारतात. वागळे इस्टेटमध्ये तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस हो! सोसायटीतले मात्र म्हणतात, काका अंगाने सुटले. सगळे पोटच बघतात.

रक्तातलं अल्ब्युमिन (एक प्रोटीन) २.६, म्हणजे कमी आलंय. एक काकू म्हणतात प्रोटीन कमी पडतंय, दुसऱ्या म्हणतात लिव्हरला भार नको, डाळ बंद कर. रात्री आठला जेवतात ते सकाळी नऊला पोहे. संकष्टी सोडत नाहीत, चंद्रोदयापर्यंत नुसता चहा. घरच्या घरी मी काय मोजू?

वाशीचा_वाटसरू
गुळवेल आणि भुईआवळ्याचा काढा सुरू करा. आमच्या मामांना गुण आला.

ऐरोलीची_ताई
काढा नको. गुळवेल घेतल्यावर लिव्हर बिघडलेल्या रुग्णांची नोंद २०२१ मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी प्रसिद्ध केली आहे. सिरॉसिसमध्ये असले प्रयोग करायला जागा नसते.

मी आहारतज्ज्ञ आहे, लिव्हरचे पेशंट रोज बघते. तुमची नजर काट्यापेक्षा खरी आहे, कारण काटा पाणीही तोलतो. आम्ही अंदाजाने कोरडं वजन काढतो. पोटातलं पाणी थोडं असेल तर ५ टक्के वजा, मध्यम असेल तर १०, खूप असेल तर १५. दोन्ही पायांवर सूज असेल तर आणखी ५. बाबांचं मध्यम धरलं तर ७१ मधून १५ टक्के गेले, राहिले साधारण ६०. म्हणजे दिवाळीपासून अकराएक किलो अंग झडलं आणि त्या जागी पाणी आलं. त्या 'स्थिर'चा अर्थ हा.

अल्ब्युमिनवरून खाणं ठरवू नका. ते लिव्हरच तयार करतं, त्यामुळे लिव्हर थकलं की ते उतरतं, ताट भरलेलं असलं तरी.

शिंप्याचा टेप घ्या. खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध दंडाचा घेर मोजा, हात सैल सोडून. महिन्यातून एकदा, दर वेळी तोच हात. दंडावर सहसा पाणी साठत नाही, म्हणून तो खोटं बोलत नाही. क्लिनिकमध्ये आम्ही कॅलिपरने, म्हणजे चिमट्यासारख्या मापकाने, दंडामागची चरबीची घडी मोजून तिची ३.१४ पट घेरातून वजा करतो, मग स्नायूचा अंदाज येतो. हाताची पकड मोजायचं यंत्रही असतं, ते मागून घ्या. घरी खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठबस करायला सांगा, पण जवळ उभ्या राहा.

डाळ बंद करणं ही जुनी समजूत. कोरड्या वजनाच्या दर किलोला १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे बाबांना ७२ ते ९० ग्रॅम. लिव्हरमुळे भ्रम होण्याचा त्रास असला तरी प्रोटीन तोडत नाहीत. डाळी, दूध, दही जास्त सोसतं.

आणि आठ ते नऊ हे तेरा तास आधी मोडा. या लिव्हरला साखरेचा साठा धरता येत नाही, त्यामुळे एका रात्रीत शरीर स्नायू तोडायला लागतं. निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासाइतकं ते होतं. झोपताना दूध-पोळी द्या. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिनचं मात्र डॉक्टरांशी बोलून घ्या.

कोपरीची_लेक
ताई, मोजलं. उजवा दंड २४ सेंटीमीटर. उठबस तीन झाल्या, चौथीला हँडल धरलं आणि म्हणाले, 'खुर्चीच बुटकी आहे.'

दहाची दूध-पोळी सुरू केली, डॉक्टरांना विचारून. संकष्टीवर दोन दिवस वाद. शेवटी म्हणाले, 'दूध उपासाला चालतं ना? मग दर दोन तासांनी दे, बाप्पा काही ग्लास मोजत नाही.' दही, राजगिरा, पनीर पण कबूल. साबुदाण्यात नुसता स्टार्च आहे म्हटलं, त्यावर बोललेच नाहीत.

मीठ कमी करायचं म्हणून लोणच्याची बरणी माळ्यावर ठेवली होती. काल शोधून काढली. झाकण मात्र उघडेना, मलाच हाक मारली.