बाबांच्या कॅसेट, स्लाइड्स आणि वर्षश्राद्धाची संध्याकाळ: कसं करावं?

रामबागकर_इंदूर
बाबांचं वर्षश्राद्ध कार्तिकात आहे. सकाळी विधी, आणि संध्याकाळी नातेवाईक, त्यांचे गाण्यातले नि भटकंतीतले सोबती असे साठेक जण घरी जमतील. गायक अमीर खाँसाहेब त्यांचं दैवत. रविवारी घरात पाय ठरत नसे, आम्हा पोरांनाही सगळीकडे सोबत न्यायचे. मागे राहिलंय ते असं: इंदूर-देवासच्या घरगुती बैठकींच्या 140 कॅसेट (बहुतेक सी-90, म्हणजे नव्वद मिनिटांच्या), सहाशेच्या आसपास स्लाइड्स (जानापाव, मांडू, नर्मदाकाठ), भटकंतीच्या वह्या आणि एक तानपुरा. काही कॅसेटवर पांढरी बुरशी दिसते. एक दुकानदार सगळं एमपी-थ्री करून पेनड्राइव्हवर द्यायला तयार आहे. द्यावं का? आणि संध्याकाळ कशी आखावी?

फीतवाला
देऊ नका. 140 कॅसेट म्हणजे दोनशे तासांच्या आसपास ऐकणं, आणि ते त्याच वेगाने उतरवावं लागतं. घाऊक काम घेणारा माणूस प्रत्येक कॅसेटसाठी हेडचा (फीत वाचणाऱ्या भागाचा) कोन जुळवत बसणार नाही. आधी वह्या आणि कॅसेटवरचं बाबांचं अक्षर बघून दहा-बारा निवडा, तेवढ्याच कार्तिकापर्यंत करा. बाकीच्या सावकाश.

आधी प्रत्येक कॅसेटचा, कव्हरचा आणि आतल्या कागदाचा फोटो काढा. मग वरच्या कडेच्या दोन्ही चिपा मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जाणार नाही. बुरशीच्या कॅसेट वेगळ्या डब्यात ठेवा. त्या चांगल्या डेकमध्ये (कॅसेट वाजवायच्या यंत्रात) घातल्या तर हेडवरून बुरशी पुढच्या कॅसेटवर जाते. त्या मास्क लावून, गच्चीत, एखाद्या टाकाऊ प्लेयरवर हाताळा.

वाजवण्याआधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवा, वर्षानुवर्षं पडून चिकटलेली फीत मोकळी होते. आवाज दबका, डळमळता आला तर फितीमागचा नमद्याचा तुकडा बघा, बहुतेक तो गळून पडलेला असतो. स्क्रूची कॅसेट असेल तर फीत जुन्याच प्रकारच्या दुसऱ्या खोक्यात बदलता येते. फीत तुटली तर साधी सेलोटेप लावू नका, तिचा गोंद पाझरून शेजारचे वेढे चिकटतात. फीत जोडायची खास स्प्लायसिंग टेपच घ्या.

डेकचं हेड 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने दर तीन-चार कॅसेटनंतर पुसा. रबरी रोलरला अल्कोहोल सारखं लावू नका, रबर कडक होतं. हेडशेजारचा छोटा स्क्रू किंचित फिरवून तानपुऱ्याची झणक सर्वांत स्पष्ट येईल तिथे ठेवा. हे प्रत्येक बाजूला नव्याने करायचं, कारण रेकॉर्डिंग दुसऱ्याच यंत्रावर झालेलं असतं. डॉल्बी (डेकवरची खरखर कमी करायची सोय) बंद ठेवा. घरगुती रेकॉर्डरवर तो सहसा नसायचाच, आणि चालू केला तर वरचे स्वर दबतात.

डेकची लाइन-आउट वायर लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालू नका, आवाज फाटतो. यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या. रेकॉर्डिंगची सेटिंग 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, वरची पातळी उणे 6 डेसिबलच्या आत. तासाला साधारण एक जीबी होतो. मूळ फाइल वेव्ह किंवा फ्लॅक या दर्जा न घटवणाऱ्या प्रकारातच ठेवा, एमपी-थ्री फक्त वाटण्यासाठी. दोन डिस्कवर, दोन घरांत.

आणखी एक. बॅटरीवरच्या रेकॉर्डरने केलेल्या बैठकीत सूर हळूहळू चढतो: काळी एकमध्ये सुरू झालेलं गाणं शेवटी पांढरी दोनला (पेटीवरच्या लगतच्या वरच्या पट्टीला) पोचतं. बॅटरी उतरत गेली, फीत मंद चालली, आता वाजवताना ती वेगात जाते. सुरुवातीचा भाग बहुधा खरा. त्याचा षड्ज (सा) धरून पुढच्या तुकड्यांचा वेग सॉफ्टवेअरमध्ये थोडा थोडा कमी करा. एका पट्टीचा (अर्ध्या स्वराचा) फरक म्हणजे साधारण सहा टक्के.

काचपट्टी
स्लाइड्ससाठी: दोन्ही बाजूंनी दाबायच्या रबरी फुंकणीने धूळ उडवा, तोंडाने फुंकर नको. पाणी अजिबात लावू नका, बुरशीने खाल्लेला थर विरघळून निघून जातो. स्कॅन 3000 डीपीआयला, म्हणजे 24 बाय 36 मिलिमीटरच्या चौकटीतून जवळपास 12 मेगापिक्सेल मिळतात, भिंतीवर दाखवायला पुष्कळ. स्कॅनरचं धूळ आपोआप काढणारं इन्फ्रारेड कृष्णधवल फिल्मवर आणि कोडाक्रोमवर (कोडॅकची जुनी रंगीत फिल्म) नीट चालत नाही, ते बंद ठेवा. सहाशेंपैकी साठ निवडा. ज्यात माणसं आहेत त्या आधी. नुसते सूर्यास्त मागे ठेवा.

झुमरा
संध्याकाळ दीड तासाची ठेवा, त्याच्यापुढे लोक चुळबुळ करतात. खाँसाहेबांच्या विलंबिताची (संथ लयीची) चाल माहीत असेलच: झुमरा तालाच्या 14 मात्रांचं एक आवर्तन जवळजवळ मिनिटभर. त्यामुळे बैठकीतला तुकडा घड्याळाने कापू नका, समेपासून (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपासून) समेपर्यंत कापा. मध्येच थांबवलेली बंदिश जाणकारांना खटकते, आणि तुमच्याकडे तेच बसलेले असणार. चार-पाच मिनिटांचे तीन तुकडे पुरे. सूर्यास्ताला मारवा, नंतर यमन किंवा पूरिया, उशीर झाला तर दरबारी.

गाणं वाजताना स्लाइड्स फिरवू नका. कान आणि डोळे एकमेकांचं काम बिघडवतात. स्लाइड्स शांततेत दाखवा, त्या वेळी भटकंतीतल्या सोबत्याने बाबांच्या वहीतलं पानभर वाचावं. भाषणं नकोत, बोलणाऱ्याला "एक प्रसंग, तीन मिनिटं" असं आधीच सांगून ठेवा.

तानपुरा वापरायचा तर तारा आठवडाभर आधी बदला. नव्या तारा ताणल्या जाऊन उतरत राहतात, आदल्या दिवशी बदलल्या तर सतत जुळवत बसाल. जवारीचा (तारेखाली घालून झणक आणणारा) दोरा सुती हवा.

डोंगरवाट
दुसऱ्या दिवशी जानापावच्या डोंगरावर जा, हे त्यांना जास्त आवडलं असतं. मानपूरच्या बाजूने गाडी वर कुटीपर्यंत जाते, त्यामुळे आजी-आजोबांनाही नेता येईल. फक्त कार्तिक पौर्णिमेला तिथे जत्रा असते, तो दिवस टाळा. पातालपाणीचा धबधबा पोरांसह ठेवू नका. वर पाऊस झाला तर खाली कोरडं असतानाही पाणी अचानक चढतं. आणि नावाची दगडी पाटी जंगलात लावू नका, ती जागा वनखात्याची.

रामबागकर_इंदूर
सगळ्यांचे आभार. एक शंका: बऱ्याच टेपवर बाबांचं "क्या बात है", खोकला, आईच्या कपबशांचा आवाज आहे. तो काढावा का?

फीतवाला
मूळ फाइलला हात लावू नका. वाटायच्या प्रतीत फक्त फितीची खरखर थोडी कमी करा, तीही जपून. जास्त केली की तानपुरा पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. बाकी काही काढू नका. उलट "क्या बात है" कुठल्या मिनिटाला येतं ते वहीत लिहून ठेवा, झुमरा म्हणतात ते तीन तुकडे तिथूनच निवडा.