राखीगढीच्या एका सांगाड्यावरून किती ठरवायचे?

हरियाणातील राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या स्थळी सापडलेल्या सांगाड्यात स्टेप प्रदेशातील (युरेशियाच्या गवताळ पट्ट्यातील) लोकांचा वंशांश, म्हणजे त्या पूर्वजांकडून आलेला डीएनएचा वाटा, आढळला नाही, म्हणून उत्तर भारतात बाहेरून कोणी आलेच नाही, असा निष्कर्ष काढला जातो; तो मला पटत नाही. तो सांगाडा सिंधू संस्कृतीच्या भरभराटीच्या काळातला आहे आणि स्टेपकडील लोकांचे आगमन साधारण इ.स.पू. २००० ते १५०० या दरम्यानचे मानले जाते. म्हणजे सांगाडा त्या आगमनाच्या आधीचा आहे, तेव्हा तो अंश तिथे न सापडणे अपेक्षितच होते. शिवाय डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या चमूने तपासलेल्या साठाहून अधिक नमुन्यांपैकी उपयोगी डीएनए केवळ एका स्त्रीच्या अवशेषांतून मिळाला (आपल्या उष्ण हवेत हाडे टिकली तरी डीएनए टिकत नाही), हेही विसरून चालणार नाही.

या चर्चेत पाकिस्तानातील स्वात खोऱ्याचा उल्लेख राहून गेला आहे. तेथील इ.स.पू. १२०० च्या सुमारापासूनच्या दफनांत स्टेप वंशांश स्पष्ट दिसतो. मात्र तो प्रामुख्याने स्त्रियांकडून आलेला आहे, तर आजच्या अनेक उत्तर भारतीय समूहांत तो पुरुषांकडून अधिक आलेला आढळतो. घोड्यावरून एकाच लाटेत आलेल्या विजेत्यांचे चित्र या विसंगतीशी जुळत नाही, आणि ‘कोणीच आले नाही’ हेही जुळत नाही.