क्रोशाचा राजासॉरस : विणीतून कापूस दिसतो

प्रश्न : आम्ही वडोदऱ्यात राहतो. बालासिनोरजवळच्या रैयोलीचे जीवाश्म पाहून आल्यापासून भाच्याने राजासॉरस या डायनासोरच्या विणलेल्या खेळण्याचा हट्ट धरला आहे. मुक्या खांबांनी (क्रोशाच्या आखूड टाक्यांनी) अंग विणले, परंतु भरल्यावर टाके फाकून आतला कापूस दिसतो आणि मानही लुळी पडते. काय करावे?

प्रतिसाद : ताई, लोकरीच्या वेष्टणावर सुचवलेल्या सुईपेक्षा एक-दोन क्रमांक बारीक सुई घ्यावी, म्हणजे वीण घट्ट बसते. टाके कमी करताना दोन्ही टाक्यांच्या फक्त पुढच्या कड्यांतून सुई घालून ते एकत्र विणावेत. तिथे भोक राहत नाही. मानेत कापूस चिमूट-चिमूट घालून पेन्सिलीच्या बोथट टोकाने ठासावा. तार मात्र लहान मुलाच्या खेळण्यात मुळीच घालू नये.

प्रतिसाद : २००३ साली नामकरण झालेला हा मांसाहारी प्राणी दोन पायांवर चालत असे, त्यामुळे शेपूट जाड विणून गच्च भरावी, म्हणजे तिच्या आधाराने तो उभा राहील. कपाळावरचे बुटके शिंग अवश्य विणा, कारण त्याची खरी ओळख तीच आहे. डोळे दोऱ्यानेच भरावेत. मणी निघून तोंडात जाण्याची भीती असते.