मदत हवी आहे : आईचं पल्मनरी हायपरटेन्शन घरच्यांना कसं समजावू?

द्राक्षमळा
आईला (वय 52) दीड महिन्यापूर्वी पल्मनरी हायपरटेन्शन (फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दाब वाढणं) निघालं. घरी कुणाच्या डोक्यात काही शिरत नाहीये. बाबा रोज तिच्या दंडाला मशीन लावतात, 104/66 येतं, म्हणतात "कसलं हायपरटेन्शन? बीपी तर कमीच आहे." सहा दिवसांपूर्वी गोळ्या बंद केल्या. भावाने गोळीचं नाव गुगल केलं, तेव्हापासून तो आईच्या नजरेला नजर देत नाही. मेडिकलवालाही हसला म्हणे. त्यात 12 तारखेला सगळे केदारनाथला निघालेत, आईसकट. मी पुण्यात, ते तासगावजवळ. फोनवर दोन मिनिटांत पटेल असं काहीतरी सांगा. "डॉक्टरांना विचारा" नको, त्यांनी पाच मिनिटांत उरकलं.

रानवारा
कशामुळे झालं? गोळी कोणती? इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) किती आलं? काहीच न सांगता काय सांगणार आम्ही, कपाळ?

खमंग फोडणी
बीटाचा रस आणि लसूण, अनशापोटी. आमच्या सासूबाईंचं बीपी 180 वरून खाली आलं.

द्राक्षमळा
@रानवारा कशामुळे म्हणजे? इकोत आरव्हीएसपी (हृदयाच्या उजव्या कप्प्यातला दाब) 68. सिल्डेनाफिल (व्हायग्रात असतं तेच औषध) 20 मिग्रॅ तीन वेळा आणि एक लघवीची गोळी.
@खमंग फोडणी तिचं बीपी कमी आहे. वाचलंत का वर?

मराठीचा मुलाजा
विषय गंभीर आहे, पण शीर्षकात निदान 'फुप्फुसीय उच्च रक्तदाब' लिहा की.

स्टेथोवाली
मी इको विभागात काम करते, डॉक्टर नाही. "कशामुळे" हे महत्त्वाचं आहे. हृदयाच्या डाव्या बाजूची झडप खराब असली, सीओपीडी (फुप्फुसाचा जुनाट आजार) असला, फुप्फुसात जुन्या गुठळ्या असल्या तरी हाच दाब वाढतो, पण उपचार प्रत्येकाचे वेगळे. आणि इकोतला आकडा हा अंदाज असतो. खात्री उजव्या बाजूच्या कॅथनंतर, म्हणजे शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन आतला दाब मोजल्यावर. ती झाली का?

रानवारा
कॅथबिथ कशाला? माझ्या काकांचं इकोवरच ठरलं. जन्मभर बिड्या ओढल्या. घरी ऑक्सिजन लावला, बस. ही गोळी त्यांना दिलीच नाही. पैसे उकळायचे धंदे.

स्टेथोवाली
काकांचा आजार फुप्फुसाचा, म्हणून त्यांना ऑक्सिजन. त्यावरून यांच्या आईचं कसं ठरवता?

द्राक्षमळा
भांडू नका. कॅथ झाली, मानेतून. फुप्फुसाच्या रक्तवाहिनीतला सरासरी दाब 46 लिहिलाय. बाकी आईला काही नाही. थंडीत बोटं पांढरी, मग निळी पडतात आणि हाताची कातडी ताणल्यासारखी झालीये, पण त्याचे डॉक्टर वेगळे आहेत. त्याचा इथे काय संबंध?

स्टेथोवाली
अहो, तोच तर संबंध असू शकतो! स्क्लेरोडर्मात (कातडी कडक होण्याचा आजार) बोटं अशीच होतात आणि त्यातून फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या आकसतात. छातीच्या डॉक्टरांना हे माहीत आहे का? 20 च्या वर गेलं की पल्मनरी हायपरटेन्शन धरतात, पूर्वी 25 धरायचे. तुमचे 46 म्हणजे थोडंथोडकं नाही. आणखी कुठल्या गोळ्या पोटात जातात? सगळ्या सांगा.

द्राक्षमळा
बाकी काही नाही. परवा धाप लागून छातीत दुखलं तेव्हा बाबांनी त्यांची जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट (हृदयाच्या दुखण्याची गोळी) दिली होती. बाबांना दोन स्टेंट आहेत. मी केदारनाथचं विचारलं होतं, त्याचं सांगा ना.

स्टेथोवाली
केदारनाथ राहू द्या. सिल्डेनाफिल चालू असताना सॉर्बिट्रेट दिली तर बीपी एकदम कोसळतं, जीवावर बेतू शकतं. परवा सिल्डेनाफिल बंद होती म्हणून निभावलं. आत्ता घरी फोन करा, बाबांच्या गोळ्यांचा डबा वेगळा करायला सांगा. आणि सहा दिवस सुटलेली गोळी परत कशी सुरू करायची हे तुम्ही ठरवू नका, आम्हीही नाही. आजच डॉक्टरांना फोन.

कोकणकडा
विम्याचं बघून ठेवा. कॅथचं बिल आमच्या कंपनीने नाकारलं होतं, तक्रार करावी लागली.

सांगलीकर माळी
ताई, वडील द्राक्षवाले ना? मग रक्तदाब शब्दच काढू नका. म्हणा, आपल्या मोटरी दोन. पहिली (हृदयाची उजवी बाजू) विहिरीतून पाणी उचलते आणि फिल्टरमधून (फुप्फुसांतून) शेततळ्यात टाकते. दुसरी (हृदयाची डावी बाजू) तळ्यातून बागेला, म्हणजे अंगभर. बाबांचं दंडाचं मशीन दुसऱ्या मोटरीचं मीटर बघतंय. फिल्टर चोक झालाय पहिल्या मोटरीपुढे. तिथला काटा चढलाय, तळ्यात पाणी कमी येतंय, मग बागेचं मीटर कमीच दाखवणार ना? पहिली मोटर लहान, तिला असा लोड ओढायची सवय नाही. ती जळाली की खेळ खलास. पायाला सूज येते म्हणजे पाणी मागे तुंबलं. म्हणून मीठ कमी, रोज सकाळी वजन, आणि दोन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर फोन.
माझ्या बहिणीला हेच होतं, म्हणून माहीत आहे.

स्टेथोवाली
माळीदादा, हे मी आमच्याकडे भिंतीवर लावणार. भावाला सांगा, सिल्डेनाफिल मुळात छातीच्या दुखण्यासाठी शोधायला घेतलं होतं, बाकीचा गुण नंतर कळला. फुप्फुसाच्या नळ्या सैल करायला आईला देतात. यात लाजण्यासारखं काय? आणि केदारनाथ साडेअकरा हजार फुटांच्या वर आहे. ऑक्सिजन कमी पडला की याच नळ्या अजून आवळतात. माझं मत सरळ "नाही" असंच आहे.

रानवारा
देवाच्या कामाला कशाला आडवं यायचं? हेलिकॉप्टर आहे की.

सांगलीकर माळी
हेलिकॉप्टरने उंची कमी होते का भाऊ? उलट चढताना शरीराला सवय लागायची ती संधीही जाते.

द्राक्षमळा
फोन झाला. सॉर्बिट्रेट बाबांच्या शर्टाच्या खिशात गेली. डॉक्टरांनी उद्या बोलावलंय, तोवर परस्पर काही सुरू करू नका म्हणाले. बोटांचं त्यांना माहीतच नव्हतं! मोटरीचं ऐकून बाबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "मग बॅकवॉश मारून फिल्टर साफ का करत नाहीत?" काय सांगू?

स्टेथोवाली
बरोबर विचारलं त्यांनी. जुन्या गुठळ्या असतील तर ऑपरेशन करून त्या काढता येतात. त्यासाठी व्हीक्यू स्कॅन (फुप्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतं ते बघणारी तपासणी) करतात, आईचा झालाय का उद्या विचारा. पण स्क्लेरोडर्मात नळीची भिंतच आतून जाड होते. धुऊन काढायला आत काही नसतं.

द्राक्षमळा
विचारते. केदारनाथचं आई स्वतःच म्हणाली, "मी घरी राहते, तुम्ही जाऊन या." आता बाबाच निघायला तयार नाहीत. तिकिटांचे पैसे परत मिळतात का कुणाला माहीत आहे?

मराठीचा मुलाजा
मुळात 'फुप्फुस' की 'फुफ्फुस' यावर वेगळा धागा काढतो.